ओल्या मातीतला टीएनटी आणि विझणारा उजेड : एका सेन्सरचे प्रकरण

अमेरिकेतल्या मिझुरी राज्यात फोर्ट लेनर्ड वूड नावाचा लष्करी तळ आहे. लष्करी अभियंत्यांचे प्रशिक्षण तिथे चालते. १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात 'डार्पा' या संरक्षण-संशोधन संस्थेने तिथे चाचणीसाठी खरे भूसुरुंग पुरले. फ्यूज काढून टाकलेले, पण आतले स्फोटक शाबूत. सुरुंगाचा वास मातीत मुरेपर्यंत ते तसेच राहू दिले. कार्यक्रमाचे नाव होते 'डॉग्ज नोज', आणि त्याची धुरा रेजिना डुगन यांच्याकडे होती. पुढे, २००९ मध्ये, त्या डार्पाच्या संचालक झाल्या.

हेतू सरळ होता. धातुशोधक यंत्र सुरुंगातला धातू शोधते, आणि प्लास्टिकच्या सुरुंगात धातू असतो जेमतेम काही ग्रॅम. तेवढा धातू टिपायला यंत्र संवेदनशील केले की ते खिळे, काडतुसांच्या पुंगळ्या, डब्यांची झाकणे अशा सगळ्यावरच वाजत सुटते. कुत्रा मात्र स्फोटकाचाच माग काढतो. मग स्फोटकाच्या वाफेचा माग काढणारे यंत्र का करू नये, असा हा प्रश्न होता.

या मैदानावर ओक्लाहोमातल्या स्टिलवॉटर गावच्या नोमॅडिक्स कंपनीने एक उपकरण आणले. त्याचे नाव 'फिडो'. त्याच्या पोटात अमेरिकेतल्या एमआयटी या संस्थेचे रसायनशास्त्रज्ञ टिमथी स्वेगर यांच्या प्रयोगशाळेत घडलेला फ्लुओरोसंट पॉलिमर, म्हणजे प्रकाश पाडल्यावर चमकणारा लांब साखळीचा पदार्थ, होता. पुरलेल्या सुरुंगातून निघणाऱ्या स्फोटकाच्या वाफेवरून सुरुंग ओळखणे यंत्राला प्रत्यक्ष जमिनीवर जमू शकते, हे या उपकरणाने दाखवून दिले. त्या पॉलिमरचे कौतुक पुष्कळ झाले आणि ते रास्तच आहे. माझ्या मते मात्र या प्रकरणात पॉलिमरइतकाच मोठा भाग पाण्याचा आहे: मातीतल्या ओलीचा आणि हवेतल्या दमटपणाचा. आपल्यासारख्या पावसाळी देशात हे तंत्र कितपत चालेल हे ठरवायचे असेल, तर पॉलिमरच्या आधी पाण्याची बाजू समजून घ्यायला हवी.

पॉलिमर काय करतो

टीएनटी, म्हणजे सुरुंगात भरले जाणारे स्फोटक, याच्या रेणूला इलेक्ट्रॉनांची ओढ असते. त्याच्या बेंझिनच्या कड्यावर तीन नायट्रो गट असतात आणि ते कड्यातले इलेक्ट्रॉन स्वतःकडे खेचतात. निळा-जांभळा प्रकाश पाडल्यावर चमकणाऱ्या पॉलिमरशेजारी असा रेणू येऊन बसला, की पॉलिमरमधला उत्तेजित इलेक्ट्रॉन प्रकाश सोडून खाली उतरण्याऐवजी टीएनटीकडे उडी मारतो. चमक विझते. सेन्सरने पाहायचे ते हे विझणे.

सुटे फ्लुओरोसंट रेणू वापरले तर टीएनटीचा एक रेणू फार तर एक दिवा विझवतो. १९९५ मध्ये पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात असताना स्वेगर आणि त्यांचे सहकारी झोऊ यांनी दाखवले, की हेच घटक एका लांब साखळीत जोडले आणि त्या साखळीभर इलेक्ट्रॉनांचा पूल सलग असला, तर उत्तेजन एका जागी थांबत नाही. ते साखळीवर मागेपुढे फिरते. फिरता फिरता वाटेत विझवणारा एक जरी रेणू लागला, तरी ते तिथेच संपते. त्यांनी विझवणारा म्हणून पॅराक्वाट वापरला होता. तणनाशक म्हणून आपल्याकडचे शेतकरी तो ओळखतात. साखळी केल्यावर परिणाम सुमारे ६५ पट वाढला.

ही झाली द्रावणातली गोष्ट. सेन्सरला मात्र घन थर लागतो, आणि घन थरात अशा सपाट साखळ्या एकमेकींवर रचल्या जातात. रचल्या गेल्या की त्या आपली आपणच चमक गमावतात, आणि वाफेला आत शिरायला वाटही उरत नाही. १९९८ मध्ये यांग आणि स्वेगर यांनी यावर उपाय शोधला. त्यांनी साखळीत पेंटिप्टिसीन नावाचा अवजड, त्रिमितीय, पंख पसरल्यासारखा गट गुंफला. हे पंख साखळ्यांना एकमेकींपासून दूर ठेवतात. थर चमकता राहतो, आणि पंखांमधल्या पोकळ्यांमध्ये टीएनटीसारखे सपाट रेणू सहज शिरतात.

आकडे बोलके आहेत. २५ अँगस्ट्रॉम, म्हणजे एका मीटरच्या अब्जाव्या भागाच्या अडीचपट जाडीच्या थरावर टीएनटीची वाफ सोडली, तेव्हा ३० सेकंदांत निम्मी चमक विझली आणि मिनिटाभरात सुमारे तीन चतुर्थांश. डीएनटीने, म्हणजे एक नायट्रो गट कमी असलेल्या त्याच्या भावंडाने, ३० सेकंदांतच सुमारे ९० टक्के चमक घालवली. डीएनटीची इलेक्ट्रॉनांची ओढ टीएनटीपेक्षा कमी आहे. तरी तो पुढे गेला, कारण त्याची वाफ जास्त होते. जाड थरात मात्र टीएनटी मंदावतो, कारण तो वरच्या भागातच घट्ट धरला जातो आणि खालपर्यंत उतरायला वेळ घेतो.

याच अभ्यासातली बेंझोक्विनोन या दुसऱ्या एका रसायनाची नोंद मला फार महत्त्वाची वाटते. त्याची इलेक्ट्रॉनांची ओढ टीएनटीहूनही जास्त, आणि बाष्पदाब, म्हणजे वाफ होण्याची प्रवृत्ती, तर कितीतरी जास्त. केवळ ओढीचा आणि वाफेचा हिशेब मांडला तर त्याने थर क्षणात काळवंडायला हवा होता. पण त्याचा परिणाम अगदी कमी झाला. कारण पॉलिमर त्याला धरून ठेवत नाही. इलेक्ट्रॉनांनी समृद्ध असलेला थर आणि इलेक्ट्रॉनांना भुकेला नायट्रोसुगंधी रेणू (रसायनशास्त्रात 'सुगंधी' म्हणजे बेंझिनसारखे कडे असलेला) यांच्यात जी जवळीक होते, ती क्विनोनशी होत नाही. म्हणजे इथे तीन गोष्टी एकत्र लागतात: वाफ पुरेशी हवी, विझवण्याची ताकद हवी आणि थराला चिकटणे हवे. दमट हवेचा प्रश्न यातल्या पहिल्या आणि तिसऱ्या गोष्टीत आहे, दुसरीत नाही.

सुरुंगापासून वरच्या हवेपर्यंत

पुरलेल्या सुरुंगातून जे झिरपते ते मुख्यतः टीएनटी असेल असे वाटते, पण तसे नसते. लष्करी प्रतीच्या टीएनटीत २,४-डायनायट्रोटोल्युइन, म्हणजे आपला डीएनटी, आणि १,३-डायनायट्रोबेंझिन हे तयार होतानाच्या प्रक्रियेतून थोडे उरलेले असतात. घनात त्यांचे प्रमाण एक टक्क्याच्याही आत असते. पण त्यांचा बाष्पदाब टीएनटीच्या कितीतरी पट असल्यामुळे वाफेत तेच पुढे असतात. प्लास्टिकच्या आवरणातून, सांध्यांमधून ते हळूहळू मातीत उतरतात. टीएनटी उतरला तरी उबदार, ओल्या मातीतले जंतू त्याचे भराभर रूपांतर करून टाकतात. डीएनटी त्यामानाने जास्त टिकतो. म्हणजे फिडोच्या थराला जो रेणू सर्वांत लवकर दिसतो, तोच मातीत जास्त उरतो. हा योग फार मोलाचा ठरला.

पण मातीत असणे आणि मातीवरच्या हवेत असणे यांत मोठे अंतर आहे. सँडिया राष्ट्रीय प्रयोगशाळेतले जेम्स फेलन आणि स्टीफन वेब यांनी या अंतराचा वर्षानुवर्षे अभ्यास केला, आणि त्यातून पाण्याची भूमिका लख्ख समोर आली.

मातीचा कण कोरडा असतो तेव्हा त्याचा खनिज पृष्ठभाग उघडा असतो. नायट्रोसुगंधी रेणू त्याला घट्ट चिकटतात. कणाभोवती पाण्याचे काही रेणुथर बसले, की त्या जागा पाणी बळकावते आणि डीएनटी सुटतो. हा फरक थोडाथोडका नाही. ओल्या मातीच्या तुलनेत अगदी कोरडी माती हीच वाफ हजारो पट घट्ट धरते. पहिल्या पावसाने मृद्गंध सुटतो तो याच तऱ्हेने. १९६४ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या बेअर आणि थॉमस यांनी त्याचा अभ्यास केला, तेव्हा उन्हाळाभर कोरड्या मातीत आणि दगडांत साठलेले सुवासिक तेल ओल आल्यावर बाहेर पडते, असेच त्यांना आढळले होते. सुरुंगाचा वासही त्याच दाराने बाहेर येतो.

आता एका दिवसाचा क्रम पाहा. सकाळी दव पडलेले असते, मातीचा वरचा पातळ थर ओला असतो, डीएनटी सुटतो. सूर्य वर येतो तसा वरचा काही मिलिमीटरचा थर सुकतो. खाली ओल असली तरी हा सुका पापुद्रा झाकणासारखा बसतो, आणि खालून येणारी वाफ त्यातच अडकते. दुपारी दोनला तुम्ही यंत्र घेऊन फिरलात तर पायाखाली सुरुंग असूनही वरच्या हवेत जवळजवळ काहीच नसेल. पण त्याच वेळी बाष्पीभवनामुळे खालचे पाणी वर ओढले जात असते, आणि त्यात विरघळलेला डीएनटी वरच्या थरात साठत असतो. संध्याकाळी किंवा दुसऱ्या पहाटे ओल परतली, की हा साठा मोकळा होतो.

म्हणून जास्त पाणी म्हणजे चांगले, असेही नाही. मुसळधार पावसात मातीतली छिद्रे भरून जातात. पाण्यातून वाफ पसरण्याचा वेग हवेच्या तुलनेत दहा हजार पटींनी कमी असतो, तेव्हा वरची वाट बंद होते. विरघळलेला डीएनटी पाण्याबरोबर खाली किंवा उतारावर वाहून जातो. चिखल झालेल्या जमिनीपेक्षा ओलावा धरलेली, पण छिद्रे मोकळी असलेली जमीन चांगली.

या सगळ्यातून एक पेच उभा राहतो. सुरुंगाचा वास हवेत सर्वांत जास्त असतो तो नेमका तेव्हा, जेव्हा जमिनीलगतची हवा पाण्याने भरलेली असते. कोरडी, सोयीची हवा निवडून चाचणी घ्यायची म्हटली, तर शोधायचा रेणूच हवेत नसतो. दमट हवेत काम करणे ही या सेन्सरची अधिकची पात्रता नव्हतीच. ती पहिली अट होती.

सेन्सरच्या तोंडाशी

किती पाणी आणि किती स्फोटक, याचा हिशेब मांडून पाहू. २५ अंश सेल्सियसला संपृक्त हवेत सुमारे ३.१ टक्के रेणू पाण्याचे असतात. सापेक्ष आर्द्रता ८० टक्के धरली तर सुमारे अडीच टक्के, म्हणजे दर अब्ज रेणूंमध्ये अडीच कोटी. त्याच तापमानाला टीएनटीची वाफ पूर्ण संपृक्त झाली तरी दर अब्ज रेणूंमध्ये दहाच्या आतच. म्हणजे टीएनटीचा ढेपा उघडा समोर ठेवला, तरी त्याच्या एका रेणूमागे पाण्याचे पंचवीस लाख. पुरलेल्या सुरुंगावर तर स्फोटकाच्या वाफेचे प्रमाण यापेक्षा हजारो पट कमी असते.

एवढ्या पाण्याने थर विझत का नाही? कारण पाण्याच्या रेणूत इलेक्ट्रॉन घ्यायला सोयीची रिकामी जागाच नसते. टीएनटी आणि डीएनटी यांचे क्षपण, म्हणजे त्यांनी इलेक्ट्रॉन स्वीकारणे, सौम्य विद्युत विभवाला होते. स्वेगर गटाच्या मोजणीच्या पद्धतीत ते अनुक्रमे सुमारे उणे ०.७ आणि उणे १.० व्होल्ट आहे. पाण्याचा रेणू उत्तेजित पॉलिमरकडून तसा इलेक्ट्रॉन हिसकावू शकत नाही. शिवाय थर पूर्णपणे सुगंधी हायड्रोकार्बनांचा, तेलकट स्वभावाचा असल्यामुळे पाणी त्यात फारसे मुरत नाही. पेंटिप्टिसीनचे पंख बसवले होते साखळ्या दूर ठेवण्यासाठी. पण त्यांच्या पोकळ्याही पाण्याला नकोशा आहेत, आणि दमट हवेत हा गुण वरकड म्हणून हाती येतो. याउलट ज्या पॉलिमरांवर हायड्रोजन बंध करणारे गट मुद्दाम लावलेले असतात, त्यांच्याकडे पाणीही तितक्याच आवडीने येते. कोणत्या पॉलिमरला दमटपणा किती बाधेल, याचा पहिला अंदाज अशा गटांवरून बांधता येतो.

मग पाण्याचा त्रास होतो कुठे? बहुतेक थराच्या बाहेरच.

नायट्रोसुगंधी रेणू अत्यंत चिकट असतात. नळी, झडप, पंप, गाळणी, जिथे थंड पृष्ठभाग मिळेल तिथे ते बसतात. लांब नळीतून हवा ओढून सेन्सरपर्यंत आणली, तर निम्मा मालमसाला वाटेतच संपतो. फिडोच्या रचनेत मला सर्वांत आवडलेली गोष्ट इथेच आहे. त्यांनी पॉलिमरचा थर काचेच्या बारीक नळीच्या आतल्या बाजूला दिला आणि हवा त्याच नळीतून ओढली. नळी हाच सेन्सर. बाहेरून निळा प्रकाश पाडायचा, आणि थरातून निघणारी चमक काचेतूनच प्रकाशशोधकाकडे न्यायची. हवा आत शिरली की पहिला पृष्ठभाग भेटतो तो थराचाच, आणि तिथे चिकटलेला रेणू म्हणजे नुकसान नव्हे, तर मिळालेला संकेत. फेमटोग्रॅमच्या पातळीवरचा टीएनटी या मांडणीला ओळखता आला. फेमटोग्रॅम म्हणजे ग्रॅमच्या एक कोटीव्या भागाचा पुन्हा दहा कोटीवा भाग.

दुसरा त्रास द्रवरूप पाण्याचा. वातानुकूलित गाडीतून उपकरण बाहेर दमट हवेत काढले की गार काचेवर पाणी साचते. थेंब प्रकाश विखुरतात, आणि चमक मोजणाऱ्या शोधकापर्यंत भलताच उजेड पोचतो. काच आणि थर यांच्यामध्ये पाणी शिरले तर नॅनोमीटर जाडीचा थर सुटू शकतो.

यावर पहिला सुचणारा उपाय म्हणजे हवा आधी वाळवून घेणे. सिलिका जेलची कुपी बसवली की झाले, असे वाटते. पण सिलिका म्हणजे शेवटी काय? कोरडा, उघडा, खनिज पृष्ठभाग. दुपारच्या सुकलेल्या मातीने जे केले तेच ती करते: पाण्याबरोबर डीएनटीही धरून ठेवते. सेन्सरला कोरडी हवा मिळते, आणि त्या हवेत शोधण्यासारखे काही उरत नाही. हवा वाळवणारे कोणतेही साधन बसवले, तर त्यातून डीएनटी किती पार होतो हे मोजल्याशिवाय ते उपयोगाचे नाही.

दुसरा मार्ग थोडी उष्णता देण्याचा. मुंबईतल्या जुलैतली हवा घ्या, ३० अंश आणि ८५ टक्के आर्द्रता. हीच हवा ४० अंशांपर्यंत तापवली तर तिची सापेक्ष आर्द्रता पन्नास टक्क्यांच्या खाली येते, पाण्याचा एकही रेणू न काढता. काचेवर पाणी साचत नाही, भिंतींना चिकटलेले स्फोटकाचे रेणूही मोकळे होतात. पण याची किंमत आहे. तापलेला थर डीएनटीलाही तितका घट्ट धरत नाही. सुरुवातीला सांगितलेल्या तीन गोष्टींपैकी तिसरी, चिकटणे, इथे कमी होते. म्हणून हवा आत घेणारा भाग गरम ठेवायचा आणि थराचे तापमान वेगळे सांभाळायचे, अशी तडजोड करावी लागते. हे तापमान नेमके किती ठेवावे, हे प्रत्येक पॉलिमरसाठी प्रयोगानेच ठरते.

तिसरा त्रास पाण्यासारखा दिसतो, पण असतो प्रकाशाचा. सततच्या प्रकाशात आणि ऑक्सिजनमध्ये पॉलिमर हळूहळू क्षीण होतो आणि चमक उतरत जाते. स्फोटकाचा संकेतही चमक उतरण्याचाच. आर्द्रता बदलली की त्यात आणखी हलका चढउतार मिसळतो. यांतले खरे कोणते, हे उतरण्याच्या चालीवरून ओळखावे लागते. प्रकाशाने होणारी झीज संथ आणि एकमार्गी असते. दमटपणाचा बदल सावकाश येतो आणि सावकाश परततो. वाफेचा झोत आला की आलेखातली चमकेची रेषा झटकन खाली जाते आणि स्वच्छ हवा दिल्यावर वर येऊ लागते. या तुलनेत वापरायची स्वच्छ हवा नमुन्याइतकीच दमट असली पाहिजे. सिलिंडरमधल्या कोरड्या नायट्रोजनशी तुलना केली, तर आपण स्फोटक मोजतो आहोत की आर्द्रतेतला फरक, हे कळायला मार्ग राहत नाही. या विषयावरचे संशोधन वाचताना मी पहिल्यांदा हीच ओळ शोधतो.

मैदानावर काय हाती आले

फिडोने पुरलेल्या सुरुंगावरच्या वाफेचा माग काढला, हे सिद्ध झाले. पण त्याबरोबर एक अडचणही ठळक झाली, आणि तिचे मूळ पुन्हा पाण्यातच होते. सुरुंगातून झिरपलेला माल मातीत एका बिंदूवर राहत नाही. पाऊस, उतार, मुंग्यांची वारुळे, झाडांची मुळे त्याला आजूबाजूला नेतात. सर्वांत जास्त डीएनटी सुरुंगाच्या बरोबर वर सापडेलच असे नाही. तो बाजूला काही अंतरावरही असू शकतो, आणि मधल्या जागेत काहीच नसू शकते. कुत्रा नाक हलवत, वाऱ्याकडे तोंड करत, परत फिरून या विस्कळीत ठिपक्यांचा अर्थ लावतो. उपकरण ज्या जागी धरले त्या जागेचीच हवा सांगते.

त्यामुळे माझ्या मते या सेन्सरची खरी जागा 'इथे सुरुंग आहे' असे सांगण्यात नव्हती. 'या पट्ट्यात स्फोटकाचा अंश आहे किंवा नाही' हे सांगण्यात ती होती. पुढचा प्रवासही त्याच दिशेने झाला. फिडोच्या हातात धरायच्या आवृत्त्या इराकमध्ये गेल्या. आयरोबॉट कंपनीच्या पॅकबॉट या यंत्रमानवाच्या हातावरही ते बसवले गेले. तिथे काम होते गाड्या, माणसे, सामान यांच्यावर स्फोटकाचा अंश आहे का हे पाहण्याचे. वाहनाच्या दांडीवर चिकटलेले कण पुसून घेता येतात, गरम करून त्यांची वाफ करता येते. म्हणजे मातीची ओल, दव, दुपारचा सुका पापुद्रा हे सगळे समीकरणातून निघून जाते, आणि सेन्सरला हवी तेवढी वाफ आपण स्वतः तयार करतो. नोमॅडिक्स पुढे आयसीएक्स टेक्नॉलॉजीजमध्ये गेली, आणि २०१० मध्ये आयसीएक्स फ्लिर कंपनीने विकत घेतली. फिडो हे नाव मात्र टिकले.

स्वेगर यांच्या गटाने पॉलिमरचे काम पुढे नेलेच. २००५ मध्ये त्यांनी एमआयटीतल्याच व्लादिमीर बुलोविच यांच्या गटाबरोबर दाखवले, की थर लेसरसारखा प्रकाश देण्याच्या उंबरठ्यावर ठेवला तर संवेदनशीलता सुमारे ३० पटींनी वाढते. ही मोठी कामगिरी आहे. पण सुकलेल्या मातीने अडवलेली वाफ ३० पटींनी वाढत नाही, हेही तितकेच खरे. अडथळा हजारो पटींचा आणि तो सेन्सरच्या अलीकडचा असेल, तर थर सुधारून तो ओलांडता येत नाही. योग्य वेळ निवडूनच तो ओलांडावा लागतो.

आपल्याकडे

महाराष्ट्रात या विषयाला जुना आणि दुखरा संदर्भ आहे. १९९३ च्या मुंबई बाँबस्फोटांतले आरडीएक्स रायगड जिल्ह्यातल्या शेखाडी किनाऱ्यावर उतरवले गेले होते, ऐन दमट किनारपट्टीवर. पण आरडीएक्सची वाफ टीएनटीच्या हजारो पटींनी कमी असते, आणि तो सुगंधी रेणूही नाही. वर सांगितलेला थर त्याला जवळजवळ आंधळा आहे. त्यासाठी कण पुसून घ्यावे लागतात किंवा वेगळे रसायन लागते. २००७ मध्ये तृषा अँड्र्यू आणि स्वेगर यांनी असेच एक रसायन दाखवले, ज्यात चमक विझण्याऐवजी उलट वाढते. गडचिरोलीसारख्या भागात पेरल्या जाणाऱ्या सुरुंगांत तर अमोनियम नायट्रेटवर आधारलेली स्फोटके पुष्कळदा असतात. तिथे नायट्रोसुगंधी वाफेचा थर लावून जवानांना धीर देणे धोक्याचे ठरेल. सेन्सर गप्प राहिला म्हणजे जमीन सुरक्षित, असा अर्थ कुणी घेऊ नये, हे तिथे प्रत्येक प्रशिक्षणात सांगितले गेले पाहिजे.

पुण्यात सुतारवाडीला डीआरडीओची उच्च-ऊर्जा पदार्थ प्रयोगशाळा आहे. तिने रंगबदलावर चालणारी स्फोटक ओळखण्याची पेटी पूर्वीच तयार केली. २०२३ मध्ये बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेबरोबर घडवलेले 'रेडर-एक्स' हे उपकरणही पुण्यातच सादर झाले. आयआयटी मुंबईच्या परिसरातून निघालेल्या नॅनोस्निफ कंपनीचे 'नॅनोस्निफर' २०२१ मध्ये आले. ते सूक्ष्म यांत्रिक सेन्सरवर चालते आणि पुसून घेतलेल्या नमुन्यावर काम करते. यांतले कोणतेही फ्लुओरोसंट पॉलिमरचे नाही. पण पवईत, कुर्ल्यात, रत्नागिरीच्या बंदरात जे उपकरण वापरायचे, त्याच्यापुढे पाण्याचा प्रश्न उभा राहतोच, तंत्र कोणतेही असो.

म्हणून पॉलिमरचा सेन्सर इथे आणायचा किंवा इथेच घडवायचा असेल, तर थराची संवेदनशीलता मोजण्याआधी एक चाचणी घ्यावी. हवा आत घेणारा संपूर्ण मार्ग, म्हणजे नळी, गाळणी, हीटर, जसा प्रत्यक्ष वापरात असेल तसाच जोडायचा. त्यातून ठरावीक प्रमाणातला डीएनटी ३० अंशांना २०, ५०, ७० आणि ९० टक्के आर्द्रतेच्या हवेबरोबर सोडायचा. पलीकडे तो किती निघाला, हे थराने नव्हे, तर वेगळ्या विश्वासार्ह पद्धतीने, उदाहरणार्थ गॅस क्रोमॅटोग्राफीने मोजायचे. मग तेच थर लावून, आणि प्रत्येक वेळी तितक्याच दमट पण डीएनटी नसलेल्या हवेशी तुलना करून. दोन्ही मोजण्यांतला फरक थराचा, आणि पहिल्या मोजणीतली घट मार्गाची. त्यानंतर उपकरण रात्रभर वातानुकूलित खोलीत ठेवून सकाळी थेट पावसाळी हवेत काढायचे, आणि काचेवरचे पाणी उडून रेषा स्थिर व्हायला किती वेळ लागतो ते नोंदवायचे. पहारेकऱ्याच्या हातात उपकरण देताना हा वेळ मिनिटांत, त्याच्या पाठीवर मराठीत छापलेला असावा.